गारांचा अंदाज आणि जवाईबापूंचा रुसवा

हवामानाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो ज्याने शोधून काढला त्या माणसाला हेमकांतला एकदा भेटायचं होतं. नमस्कार करायला नव्हे. जिल्ह्याच्या कृषी-हवामान सल्ला केंद्रात तो नोकरीला लागला तेव्हापासून या दोन शब्दांचा मार एकटा खात होता. वरून इशारा यायचा : नंदुरबार जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी वारे, गारपिटीची शक्यता. हेमकांत तो शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा आणि चहाचा कप उचलायच्या आत फोन सुरू.

“सर, म्हणजे आमच्या गावात का?”

“जिल्ह्यात कुठेतरी. थोड्या जागी.”

“मग नक्की कुठे ते कळल्यावर टाका ना सर. उगीच जीव टांगणीला.”

एकाने तर आमचं गाव वगळता येईल का, म्हणून विचारलं होतं. काही हरकत नसेल तर.

वादळी ढग म्हणजे काही पाहुणा नव्हे की आधी पत्ता विचारून येईल. दुपारी जमीन तापते, वर थंड हवा असते, आणि मग चार-सहा मैलांच्या पट्ट्यात तासाभराचा गोंधळ घालून तो संपतो. सकाळी त्याचं गाव विचारणं म्हणजे कढईत तेल ओतताना पहिला बुडबुडा कुठे फुटेल ते विचारणं. रडार आहे, पण ते शेकडो किलोमीटर लांब. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याची नजर इथवर येईपर्यंत ढगाच्या वरच्या मजल्यावर पोचलेली असते. तळमजल्यावर काय चाललंय ते ज्याच्या डोक्यावर पडतं त्यालाच कळतं. हे सगळं हेमकांतने मेळाव्यांत, चित्रं काढून, अनेकदा समजावलं होतं. लोक मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, “ते ठीक शे सर, पन आम्हना गावमा का?”

त्यात गेल्या वर्षीचं मिरचीचं प्रकरण. फाल्गुनात नारिंगी इशारा आला. नंदुरबारभोवती मिरची वाळत पडलेली, पथाऱ्याच्या पथाऱ्या, नजर जाईल तिथे लाल. हेमकांतने फोन करकरून लोकांना मिरची गोळा करायला लावली. ढग आले, धानोऱ्यावरून नुसते गुरगुरत गेले आणि तापीपलीकडे पपईच्या बागा झोपवून मोकळे झाले. इकडे ताडपत्रीखाली अर्धओली मिरची घामेजून काळी पडली. जिल्ह्याच्या हिशेबाने अंदाज बरोबर निघाला होता; वरून शाबासकीही आली. पण ज्यांची मिरची काळी पडली त्यांत धानोऱ्याचा सुकलाल होता, आणि सुकलाल हा हेमकांतचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, चेतनाचा, थोरला भाऊ.

यंदा वैशाखात सुकलालच्या मुलीचं, स्वप्नालीचं, लग्न निघालं. गोरज मुहूर्त.

“नाना, वैशाखातले ढग दुपार कलल्यावरच फुटतात,” हेमकांत तारीख धरतानाच सुकलालला म्हणाला होता. “सकाळचा मुहूर्त नाही का?”

“पंचांगमा नही शे.”

“त्याच पंचांगात त्या आठवड्याला वादळी वारे लिहिलेत. बघा, त्याच पानावर.”

सुकलालने चष्मा वर करून पान पाहिलं आणि पंचांग मिटलं. “पाऊसपानीनं लिखेल ऱ्हास, जवाईबापू, पन ते काई खरं ऱ्हास नही.”

एकाच पानाची वरची बाजू ब्रह्मवाक्य आणि खालची रद्दी कशी, हे विचारायची हेमकांतला इच्छा झाली होती. पण सासरी माणूस प्रश्न विचारायला जात नाही, जेवायला जातो.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून नारिंगी इशारा होताच. दुपारी हेमकांत चेतनाला घेऊन धानोऱ्याला पोचला तेव्हा गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात लोखंडी पाइपांचा भलामोठा मंडप उभा होता. वर गुलाबी-पांढरं कापड, मधोमध झुंबरं, कडेला घोंघावणारे कूलर, आणि खाली निम्मी पंचक्रोशी. मागच्या बाजूला वरण-बट्टीची पंगत बसली होती. हेमकांत थेट खांबांपाशी गेला. खांब गाडलेले नव्हते. लोखंडी पाट्यांवर नुसते उभे केलेले, आणि दोर भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना. त्याने एक खुंटी पायाने हलवली. ती दाढेसारखी हलली.

“धुडकूभाऊ, हे वाऱ्यात टिकेल का?”

मंडपवाला धुडकू पान चघळत होता. त्याने अपमान झाल्यासारखं पाहिलं. “सायेब, हाऊ मंडप नही, किल्ला शे. आजलगून एक बी पडना नही.”

“वादळात उभा केला होता का कधी?”

“वादळमा कोन लगीन करस?” धुडकू म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

फेटे बांधणं चाललं होतं आणि मानकऱ्यांना टोपी-टॉवेल देणं. ध्वनिक्षेपकावरून एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. तेवढ्यात हेमकांतचा फोन वाजला. नवापूरहून योहान. योहानची तिकडे कोंबड्यांची शेड होती, आणि सगळ्या ग्रुपमध्ये हा एकच माणूस असा की जो फोन करून विचारत नसे, सांगत असे.

“सर, गारा. लिंबाएवढ्या. थांबा, ऐका.” त्याने फोन बहुधा पत्र्याकडे धरला. कोणी खडीचा डंपर रिकामा करावा तसा आवाज आला. “ऐकलं? पण सर, आधी वारा आला. पाऊस नाही, काही नाही, नुसता गार वारा, आणि माझी एक शेड आडवी. माणसं बाहेर होती म्हणून वाचली.”

“सरकतंय कुठे?”

“तुमच्याकडेच, सर. ईशान्येला. चांगलं पळतंय.”

हेमकांत शेताच्या बांधावर गेला आणि नैर्ऋत्येला पाहिलं. डोक्यावर आभाळ स्वच्छ, पण क्षितिजाशी धुरकट पट्टा, आणि त्यावर खूप उंच ऐरणीसारखा पसरलेला पांढरा ढग. केंद्रात त्याने फोन लावला. तात्काळ इशारा निघाला का विचारलं. निघाला होता : जिल्ह्यात तुरळक ठिकाणी. त्याने कपाळाला हात लावला. नवापूर ते धानोरा, या वेगाने, फार तर तासभर. तासाभराने गोरज मुहूर्त, सगळी पंचक्रोशी या किल्ल्याखाली उभी, हातात अक्षता. चेतना त्यात. झुंबरं बरोबर बायकांच्या बाजूवर टांगलेली.

तो आत धावला. सुकलाल फेटा सावरत व्याह्यांची वाट बघत होता.

“नाना, मंडप रिकामा करा. सगळ्यांना शाळेत न्या, स्लॅबखाली. वादळ येतंय. नवापूरला शेड पडली.”

सुकलालने वर पाहिलं. सगळे वर पाहतात. वादळ आधी आडवं येतं हे कोणाला पटत नाही. “दखा ना, आभाय कसं कोरं शे. जवाईबापू, मागला साल मिरची कायी पडनी. आते आंडेरनं लगीन बी ताडपत्रीखाल झाकू का?”

“मिरचीचं सोडा हो! माणसं मरतील!”

आवाज चढला. आसपासचे फेटे वळले. आणि त्याच वेळी सुकलालची आई भिकुबाई हिची नजर जावयाच्या उघड्या डोक्यावर गेली. मग खांद्यावर. खांद्यावर टॉवेल नव्हता. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“नाना रे,” ती हळूच म्हणाली, “जवाईबापूले टोपी-टावेल दिनाच नही कोनी.”

खरं होतं. नाव पुकारलं तेव्हा हेमकांत बांधावर ढग बघत होता. आणि या घराला रुसव्याची दहशत होती. सुकलालच्या आत्याचा नवरा, थोरले फुवा, एका लग्नात असेच मानापमानावरून उठले आणि बैलगाडीत जाऊन बसले. त्यांची समजूत निघेपर्यंत नवरदेव घोड्यावर झोपला. ते लग्न लोक अजून सांगत. त्यामुळे चिडलेला जावई दिसला की या घरात दुसरं कोणतंही कारण शोधायची पद्धतच उरली नव्हती.

“थोरला फुवाना टाइमले बी अशीच सुरुवात व्हयेल व्हती,” भिकुबाई म्हणाली.

“आई, टोपीचा काही संबंध नाही.”

“रुसेल मानूस असंच म्हनस.”

“मी रुसेल नही शे!” हेमकांत अहिराणीत ओरडला. त्याने आणखी घात झाला. साहेब माणूस अहिराणीत ओरडतो म्हणजे फारच दुखावलेला. क्षणात टोपी आली, टॉवेल आला, वर शाल आली. ध्वनिक्षेपक गरजला : “वधूचे फुवा, आदरणीय जवाईबापू हेमकांत पाटील यांचा अनवधानाने राहिलेला सत्कार आता करण्यात येत आहे. त्यांनी मन मोठं करावं.” टाळ्या पडल्या. हेमकांत शाल फेकून म्हणाला, “वादळ येतंय!” आणि कोणीतरी शेजारच्याला म्हणालं, “भलता दुखायना गडी.”

त्याने चेतनाला गाठलं. ती बायकांत होती, तोंड लाल. “चेतना, नवापूरला लिंबाएवढ्या गारा पडल्यात. तू तरी बाहेर चल.”

“अहो, टोपीसाठी इतकं?” ती दात आवळून म्हणाली. “माझ्या माहेरी, माझ्या भाचीच्या लग्नात?”

हेमकांत मंडपाच्या मधोमध उभा राहिला. विज्ञान, विनंती, आरडाओरडा, सगळं झालं होतं. त्याच्या एका शब्दावर इथे सुकलाल मान तुकवत होता, म्हातारी हात जोडत होती, ध्वनिक्षेपक माफी मागत होता. फक्त तो शब्द वादळ नव्हता. या गावात हवामानतज्ज्ञाला किंमत नव्हती. रुसलेल्या जावयाला होती, वाटेल तेवढी. त्याने डोक्यावरची टोपी काढली, जमिनीवर आपटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा रुसला.

“चाललो मी!” तो म्हणाला, आणि शाळेकडे चालू लागला.

शाळा म्हणजे व्याह्यांचा जानोसा. नवरदेवाचं वऱ्हाड पुरुषोत्तमनगरहून येऊन तिथे उतरलं होतं आणि आता डीजे लावून मारुतीकडे मिरवत होतं. घरचा जावई रुसून व्याह्यांच्या बिऱ्हाडी जाऊन बसला, याहून मोठी नाचक्की धानोऱ्यात अजून कोणाला सुचली नव्हती. “जवाई रुसना! जानोसामा जाई बठना!” बातमी त्याच्या पुढे पळाली.

हेमकांत चौथीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला. बाक लहान होतं. गुडघे हनुवटीला आले. खिडकीतून नैर्ऋत्य दिसत होती. पट्टा आता निळा-काळा झाला होता. मागोमाग सुकलाल आला, भिकुबाई आली, चुलते, मामे, आणि त्यांच्यामागे शे-दीडशे माणसं फुकटचा खेळ बघायला.

“मांगा, जवाईबापू,” सुकलाल हात जोडून म्हणाला. “काय मांगनं ते मांगा. पन लगीन आडावू नका.”

हेमकांतला काय मागावं ते सुचेना. रुसायचाही सराव लागतो. “अंगठी,” तो म्हणाला. त्याची अपेक्षा, की यावर चर्चा होईल, कुरबुर होईल, वेळ जाईल. सुकलालने बोटातली ओढून काढली आणि वाक्य संपायच्या आत त्याच्या बोटात चढवली.

“बुलेट,” हेमकांत घाबरून म्हणाला.

“दिनी. आखो?”

दारात चेतना उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने या माणसाला सासरी दुसरी पोळी मागताना पाहिलं नव्हतं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की हेमकांतने नजर खिडकीकडे वळवली. तिकडे आभाळाखाली मातीचा तपकिरी पडदा उठला होता, अगदी बारीक, क्षितिजाला टेकलेला. मंडपात अजून निम्म्याहून जास्त लोक होते. बट्ट्या गरम होत्या.

“अपमान सगळ्यांसमोर झाला,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला थोरल्या फुवांसारखा वाटला. “मनधरणीही सगळ्यांनी करायची. एकूणएक. पंगतीतल्यांनी, आचाऱ्यांनी, धुडकूने, नवरदेवाने. मंडपात एक माणूस राहिला तरी मी बाकावरून उठणार नाही.”

मग सुकलाल, डोळ्यांत पाणी, मागे वळून कोणालातरी म्हणाला, “जा, माइकवर सांग.”

आणि साऱ्या शिवारात ऐकू गेलं : “सर्व पाहुण्यांना नम्र विनंती. जवाईबापूंची समजूत काढण्यासाठी सर्वांनी ताबडतोब मराठी शाळेत यावे. पंगत थोडा वेळ थांबवण्यात येत आहे. आचारी मंडळींनीसुद्धा यावे.”

नारिंगी इशाऱ्याने एक माणूस हलला नव्हता. आता सगळा मंडप उठला. रुसलेला जावई आणि तो मागतोय काय, हे बघायला लोक खरकट्या हातांनी धावले. डीजे बंद पडला. नवरदेव अमृत घोड्यावरून उतरून शेरवानी सावरत आला, कारण पुढच्या आयुष्यात हाच माणूस त्याचाही फुवा लागणार होता. धुडकू आला. वर्ग भरले, व्हरांडा भरला, खिडक्यांच्या गजांत तोंडं अडकली. सगळ्यांचे हात जोडलेले.

“व्हयनं ना आते समाधान?” सुकलाल म्हणाला.

हेमकांतने खिडकीबाहेर पाहिलं. पान हलत नव्हतं. पडदा तिथेच असल्यासारखा दिसत होता. मिरचीच्या वेळचं गुरगुरणं त्याला आठवलं. हाही पट्टा वळून गेला तर? मग सबंध खानदेशात तो रुसवेखोर जावई म्हणून मरणार, आणि बुलेट घेऊन.

“नाही,” तो म्हणाला. बाक घट्ट धरलं.

गर्दीतून वाट काढत स्वप्नाली आली. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली, मेंदीचे हात जोडलेले. “फुवा,” तिचा आवाज फाटला होता, “मन्हा लगीनमा काब्र असं करी ऱ्हायनात तुम्ही?”

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते दुपारपासून त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. “अजून थोडं, बाई,” तो एवढंच म्हणाला. “थोडं थांब.”

खिडकीतून गार झुळूक आली. ओल्या मातीचा वास होता तिला. कोणीतरी म्हणालं, “वा, बरं वाटलं.” आणि मग गावावर ट्रक आदळावा तसा वारा आदळला. दारं धाडकन मिटली, व्हरांड्यातले लोक एकमेकांवर कोसळत आत घुसले, बाहेर सगळं तपकिरी झालं. त्या तपकिरीत मंडप एकदा फुगला, मोठ्या गुलाबी फुग्यासारखा, आणि खुंट्यांसकट उठला. लोखंडाचा असा काही आवाज झाला की वर्गातल्या पोरांनीही रडणं थांबवलं. त्यानंतर वीज, मग आडवा पाऊस. मग तोही गेला, तासभरसुद्धा राहिला नाही.

लोक बाहेर आले. धुडकूचा किल्ला शेजारच्या शेतात वाकड्या पाइपांचा ढीग होऊन पडला होता. बायकांच्या बाजूची झुंबरं खुर्च्यांमध्ये अर्धी रुतलेली. हेमकांत व्हरांड्यात उभा होता. त्याला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी म्हणेल.

धुडकू जवळ आला. आभाळाकडे, मग जमिनीकडे नीट पाहून म्हणाला, “सायेब, पन तुम्ही ते गारा सांगेल व्हत्यात.”

“काय?”

“गारा. एक बी पडनी नही.”

चार माणसांनी जमीन पाहिली. खरंच, एकही नव्हती. “अंदाज चुकनाच म्हना,” एक चुलता सहानुभूतीने म्हणाला. गारा तीन गावं पलीकडे पडल्या होत्या, हे नंतर कळलं.

“अंदाजना काय,” भिकुबाई म्हणाली. तिने जावयाच्या अंगावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “रुसवा लाभना माय! जवाईना रुसवानी अख्खं गाव वाचाडं.” हे मात्र सगळ्यांना पटलं. लग्न व्हरांड्यात लागलं, बाराखडीच्या तक्त्याखाली. भिजलेल्या अक्षता फेकता येत नव्हत्या म्हणून लोकांनी त्या वधूवरांना चिकटवल्या. ध्वनिक्षेपक उडून गेला होता, तरी कोणीतरी तोंडानेच ओरडून जवाईबापूंचे जाहीर आभार मानले, त्यांनी योग्य वेळी रुसल्याबद्दल. आणखी दोन घरच्या लोकांनी पुढच्या महिन्यातल्या लग्नांना येण्याचं निमंत्रण दिलं. टोपी-टॉवेल मुद्दाम देणार नाही, असा शब्दही दिला.

परतताना गाडीत दोघंच होती. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या, त्या चुकवत हेमकांत हळू चालवत होता.

“तुम्हाला आधीच माहीत होतं,” चेतना म्हणाली.

“मी सांगितलं होतं. तुला. सगळ्यांसमोर.”

“हो, पण मला वाटलं, ऑफिसचं सांगताय.”

“ऑफिसचंच सांगत होतो.”

चेतनाने मान हलवली. मग त्याचा स्टिअरिंगवरचा हात पाहिला, भावाची अंगठी पाहिली. बाहेर बघत म्हणाली, “उद्या नानाला फोन करा. बुलेट नको म्हणून सांगा. अंगठी राहू द्या.”